प्लॉट गहाण ठेवून इंजिनिअरिंग करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यातलं शेतकरी कुटुंब, दीड एकर ऊस, दोन म्हशी, दूध गोकुळला. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, सीईटीला ६२ पर्सेंटाइल. पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा मॅनेजमेंट कोट्यातून मिळतेय. फी, हॉस्टेल, मेस धरून चार वर्षांत आठ लाखांचं कर्ज लागणार, आणि त्यासाठी कागलच्या बाजूला घर बांधायला म्हणून घेतलेला दोन गुंठ्यांचा एन.ए. (बिगरशेती) प्लॉट तारण द्यावा लागणार. मुलाचा मामा शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर आहे. तो म्हणतो, "कशाला नादाला लागताय? आयटीआयला घाला, दोन वर्षांत पोरगं हाताशी येतंय." वडील विचारतात, कुणाचं ऐकू?

माझी नोकरी कोल्हापुरातल्या बँक शाखांत, कर्ज विभागात गेली. एकाच टेबलावर दोन तऱ्हेच्या फायली यायच्या. एक शैक्षणिक कर्जाची. दुसरी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या कारखान्यांच्या वसाहतींतल्या पोरांची, ज्यांना स्वतःचा लेथ किंवा जुनं सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन घ्यायचं असे. दोन्हीकडची पोरं तशी एकाच वयाची, एकाच गावांतली. म्हणून या प्रश्नाला मी पुस्तकातून नाही, फायलींतून उत्तर देतो.

या अटींवर हे कर्ज काढू नका. पण मामा सांगतो तेही जसंच्या तसं घेऊ नका. तुमच्या मुलासाठी तिसरा रस्ता आहे आणि तो दोघांच्याही बोलण्यात आलेला दिसत नाही.

आधी हिशेब मांडतो, कारण बँकेत बसून हा हिशेब कुणी तुम्हाला नीट करून दाखवणार नाही. समजा दर वर्षाच्या सुरुवातीला दोन लाख याप्रमाणे आठ लाख उचलले, व्याज १० टक्के. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं की अजून वेळ आहे. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून धावतं. या काळात ते सरळ व्याज असतं, एवढाच दिलासा. पहिल्या वर्षी २०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ४०,०००, मग ६०,०००, मग ८०,०००, आणि नोकरी शोधायच्या पाचव्या वर्षी आणखी ८०,०००. झाले २ लाख ८० हजार. ते मुद्दलात मिळवून हप्ता बसतो, म्हणजे पोरगं पहिला हप्ता भरायला लागेल तेव्हा कर्ज आठ नाही, १० लाख ८० हजारांचं झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १४,२७० रुपये. पंधरा वर्षं घेतली तर ११,६०० च्या आसपास, पण मग एकूण भरणा २० लाख ८९ हजारांवर जातो.

आता हे दोन बाजूंनी ताडून बघा. मोठ्या आयटी कंपन्या कॉलेजात येऊन घाऊक भरती करतात, त्यांचं नवख्या मुलाचं पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या घरात रेंगाळलंय. म्हणजे हातात पंचवीस हजार. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेस आणि पेट्रोल धरून बारा हजार सहज जातात. वर हप्ता १४,२७०. पहिल्याच महिन्यात खिशात उणे बाकी, आणि ही नोकरी लागलेल्या मुलाची गोष्ट झाली. दुसरी बाजू तुमच्या शेताची. एकरी ४० टन आणि टनाला ३,२०० रुपये धरले तर एका एकराचं बिल १ लाख २८ हजार येतं, खत, पाणी, मशागत वजा न करता. कर्जाचा वर्षाचा हप्ता १ लाख ७१ हजार. तुमचा अख्खा दीड एकर या एका हप्त्याला जेमतेम पुरतो, आणि सोसायटीचं पीक कर्ज त्याच बिलातून कापून घेतलं जातं ते वेगळंच. शिवाय उसाचं बिल वर्षातून एकदा, बँकेचा हप्ता दर महिन्याला. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) द्यायची असा कायदा आहे, पण तो किती पाळला जातो हे कोल्हापुरातल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको.

तरीही, एवढ्या हिशेबावर मी "नको" म्हटलं नसतं. पगार वाढतात. पाच वर्षांत दुप्पट झालेले मी पाहिलेत. माझं "नको" दुसऱ्याच कारणासाठी आहे, आणि ते कारण या विषयावर बोलणारी माणसं बहुतेक वेळा विसरतात.

शैक्षणिक कर्जाच्या ज्या फायली माझ्याकडं थकल्या, त्यांत पदवी मिळूनही नोकरी नाही अशी मुलं होती, नाही असं नाही. पण खरी अडकलेली कुटुंबं होती ती अर्धवट शिक्षणाची. पहिल्या वर्षी गणित नाहीतर मेकॅनिक्स राहिलं, केटी लागली (विषय पुन्हा द्यायचा), दुसऱ्या वर्षी इयर डाऊन, म्हणजे वर्षच वाया. बँक फीची पुढची रक्कम सोडायच्या आधी मागच्या वर्षाची गुणपत्रिका मागते. निकाल नाही तर पैसे नाहीत. मग फी भरायला खासगी सावकार किंवा पतसंस्था. बँक मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवून देऊ शकते, व्याज थांबवत नाही. तिसऱ्या वर्षाला पोरगं कंटाळून घरी येतं, नाहीतर पुण्यातच कुठंतरी डिलिव्हरीचं काम करत राहतं आणि घरी सांगत नाही. हातात बारावीचं सर्टिफिकेट, अंगावर पाच-सहा लाख. चार वर्षांच्या डिग्रीची तीन वर्षं केली याला बाजारात किंमत शून्य आहे. अर्धं बांधलेलं घरसुद्धा विकलं जातं, अर्धी डिग्री विकली जात नाही.

६२ पर्सेंटाइलच्या मुलाला इंजिनिअरिंग जमत नाही असं मी म्हणत नाही. जमलेली मुलं पाहिलीत. पण ते जमेल की नाही हे आज तुम्हाला माहीत नाही, मुलाला नाही, बँकेला तर अजिबात नाही, आणि तरी प्लॉट आजच गहाण पडणार. कर्ज आधी आणि परीक्षा नंतर, हा उलटा क्रम मला खटकतो.

म्हणून तिसरा रस्ता. बारावी सायन्स झालेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दोन वर्षांत डिप्लोमा. त्यानंतर गुण चांगले असले तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथं तीन वर्षं. एकूण पाच. म्हणजे सरळ डिग्रीपेक्षा एकच वर्ष जास्त, पण मधे एक पायरी आहे जिथं उभं राहता येतं. दोन वर्षांनी मुलाच्या हातात पूर्ण झालेलं, नोकरी मिळवून देणारं काहीतरी असतं. तिथं तो ठरवू शकतो: पुढं शिकायचं, की कागलच्या पंचतारांकित वसाहतीत क्वालिटीला किंवा प्रॉडक्शनला लागायचं आणि नंतर बघायचं. शासकीय तंत्रनिकेतनात जागा मिळाली तर वर्षाची फी खासगी डिग्री कॉलेजच्या एका महिन्याच्या खर्चाएवढी. तंत्रनिकेतन कोल्हापुरात विद्यानगरला आहे, मुलगा घरून एसटीनं येऊन-जाऊन करेल. जागा थोड्या असतात, म्हणून अर्जाची मुदत चुकवू नका आणि आवडीच्या दोन-तीन शाखा मनाशी धरा. कॉम्प्युटरच पाहिजे म्हणून हटून बसलात तर रांग मोठी आहे.

या दोन वर्षांचा खरा उपयोग पैसे वाचवण्यापेक्षा मोठा आहे. मुलगा अभ्यास झेपवतो का, हे प्लॉटला हात न लावता कळतं. डिप्लोमाला ७५-८० टक्के पडले तर पुढची तीन वर्षं डिग्रीसाठी कर्ज काढा, मी स्वतः सांगेन काढा. तेव्हा रक्कम कमी असेल, मुदत कमी असेल, आणि बँकेलाही दिसेल की हा मुलगा पूर्ण करणारा आहे.

आता मामा. मामाला कमी लेखू नका, शिरोलीत सुपरवायझर झालेला माणूस तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जाणतो. कोल्हापूरचं उद्यमनगर डिग्रीवाल्यांनी उभं केलेलं नाही. शेतीची ऑइल इंजिनं बनवणारी ही पेठ, त्यातून फौंड्री वाढली, फौंड्रीच्या कास्टिंगला (ओतीव भागांना) मशीनिंग लागलं म्हणून लेथ आले, मग सीएनसी मशीनं. पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्री लोकांनी हे हातानं शिकून केलं. १९१८ साली बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात स्वतः बनवला, कुठल्या कॉलेजात न जाता. पण हे उदाहरण देऊन "डिग्रीला काय चाटायचंय" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बाबूराव पेंटर एखादाच असतो. बाकी हजारोंनी काय केलं ते बघून निर्णय घ्यावा.

त्या हजारोंचं असं आहे. शासकीय आयटीआयचं शिक्षण काही हजारांत होतं, कर्ज लागतच नाही. पण ट्रेड आणि त्यानंतरची पहिली तीन वर्षं यावर सगळं अवलंबून. मशिनिस्ट, टर्नर, टूल अँड डाय मेकर, इलेक्ट्रिशियन या ट्रेडच्या मुलाला शिरोली-गोकुळ शिरगावात काम मागत फिरावं लागत नाही. सुरुवातीला ॲप्रेंटिसचा स्टायपेंड, मग ऑपरेटर म्हणून बारा तासांची पाळी. इथं बहुतेक पोरं अडकतात. मशीनला जॉब लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा. हे काम सहा महिन्यांत येतं आणि म्हणून सहा महिन्यांत दुसरा कुणीही तुमच्या जागी उभा राहू शकतो. ठेकेदारामार्फत घेतलेला असेल तर पीएफ भरला जातो का, ते बघायलाही कुणाला वेळ नसतो. पंधरा-सोळा हजारांवर दहा वर्षं काढलेली माणसं मी पाहिलीत.

जो ड्रॉइंग वाचतो, मायक्रोमीटर घेऊन स्वतः मोजतो, मशीनला माप दुरुस्त करून देतो, रिजेक्शन का आलं ते सांगू शकतो, तो सेटर होतो, म्हणजे मशीन लावून देणारा. प्रोग्रामिंग शिकला तर त्याला दुसरा कारखाना घरी येऊन बोलावतो. त्याचा पगार पुण्यातल्या नवख्या इंजिनिअरला मागं टाकतो, आणि तो राहतो घरच्या भाकरीवर. ऑपरेटर ते सेटर हा टप्पा कुठलंही सर्टिफिकेट देत नाही. शेजारी उभा राहून शिकवणारा माणूस लागतो. तुमच्याकडं तो माणूस आहे. मामा. ही गोष्ट आठ लाखांपेक्षा मोठी आहे आणि तुम्ही ती सल्ला म्हणून मोजताय, भांडवल म्हणून मोजत नाही.

मशीनच्या कर्जाच्या ज्या फायली चांगल्या चालल्या, त्या बहुतेक अशाच पोरांच्या. सात-आठ वर्षं दुसऱ्याकडं सेटर म्हणून काढली, दोन पार्ट्यांशी ओळख झाली, जॉबवर्कची खात्री मिळाली, मग जुनं मशीन घेतलं. त्यांचं कर्जही आठ-दहा लाखांचंच असे. फरक असा की मशीन पहिल्या महिन्यापासून कमावतं, आणि अगदीच बुडालं तर विकून अर्धे पैसे येतात. पण आयटीआय झाल्या-झाल्या बापाच्या नावावर मशीन घेऊन बसलेल्यांची मशीनं बँकेनं ओढून आणलेलीही मला आठवतात. तिथंही क्रम उलटाच होता.

मामानं न सांगितलेल्या दोन गोष्टी सांगतो. फौंड्रीत मोल्डिंग, फेटलिंगला (साचे भरणं, ओतीव भाग घासून साफ करणं) जाऊ देऊ नका, निदान वडिलांचं चालत असेल तोवर तरी. सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते ती परत निघत नाही. मास्क असतो, उकाड्यात कुणी लावत नाही. भट्टीजवळचा उन्हाळा मी शब्दांत सांगत नाही, एकदा मुलाला नेऊन उभं करा. दुसरं म्हणजे मंदी. आपल्याकडचं बहुतेक कास्टिंग गाड्यांना आणि ट्रॅक्टरला जातं. २०१९ ला वाहन उद्योग बसला तेव्हा इथल्या कारखान्यांनी पाळ्या कमी केल्या आणि सगळ्यात आधी ठेकेदाराची पोरं घरी गेली. विजेच्या गाडीला इंजिनच नसतं, तेव्हा इंजिनाच्या कास्टिंगवरच जगणाऱ्या शॉपमधे मुलाला घालू नका. व्हॉल्व्ह, पंप, शेती अवजारं, निर्यात असं मिश्र काम असलेलं शॉप बघा. मामाला हे विचारलं की तो लगेच नावं सांगेल.

लग्नाचा विषय तुम्ही काढला नाही, पण घरात निघाला असणार. आयटीआय झालेल्या, कारखान्यात जाणाऱ्या मुलाला स्थळ येत नाही, हे आपल्या जिल्ह्यात खरं आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. "बी.ई." लिहिलं की बायोडाटा पुढं सरकतो. पण तीच मंडळी हल्ली सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) विचारायला लागलीत. आणि डिप्लोमा-डिग्रीचा रस्ता धरला तर हा प्रश्नही पाच वर्षं पुढं ढकलला जातो.

कर्ज काढून शिकवावं अशी शिक्षणं आहेत का? आहेत. माझा ठोकताळा असा: जिथं कायदाच पदवी मागतो तिथं कर्जाला घाबरू नका. नर्सिंग, फार्मसी, वैद्यकीय. नोंदणी झाल्याशिवाय ते काम दुसऱ्या कुणाला करताच येत नाही, म्हणून पदवीला किंमत उरते. बीएस्सी नर्सिंग केलेल्या मुलींची कर्जं माझ्याकडं सगळ्यात शांतपणे फिटली. गंमत म्हणजे वायरमनचा परवाना त्याच जातीचा आहे, फक्त त्याला कुणी पदवी म्हणत नाही. जिथं बाजार नुसती "कुठलीही पदवी" मागतो, तिथं ती जवळच्या कॉलेजात, शिवाजी विद्यापीठाची, कमीत कमी फीत करा. त्यासाठी पुण्याला जायचं कारण नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून या गावात बोर्डिंगं काढली ती याच खर्चाच्या विचारानं. खेड्यातला मुलगा फीपेक्षा राहण्या-जेवणाला अडतो, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. तुमच्या आठ लाखांतही हॉस्टेल-मेसचा वाटा किती आहे तो वेगळा काढून बघा.

आणि मॅनेजमेंट कोटा. यानं नुसती फी वाढत नाही, सवलतींची दारंही बंद होतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून खुल्या प्रवर्गातल्या मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण प्रवेश कॅप राऊंडमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) झालेला असेल तरच. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, तेही कॅपमधूनच. धाकटी मुलगी असेल तर हे आत्ताच लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२४ ला केंद्रानं मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना बिनतारण कर्ज देते, पण ठरावीक दर्जेदार संस्थांना आणि गुणवत्तेवर मिळालेल्या प्रवेशालाच. तेव्हा कॅपमधे मिळालेलं सांगली-कोल्हापूर पट्ट्यातलं साधं कॉलेज हे कोट्यातल्या पुण्याच्या कॉलेजपेक्षा तुमच्यासाठी कितीतरी स्वस्त पडेल. प्रवेश मिळवून देणारा एजंट ही गोष्ट सांगत नाही, त्याचं कमिशन कोट्याच्या जागेवर आहे. तो "डोनेशन" म्हणून रोख मागत असेल तर त्याची पावती नाही, आणि पावती नाही त्याला बँक कर्ज देत नाही. ते पैसे मग तुमच्या घरातल्या सोन्यावर येतात.

एवढं सांगूनही घरात पुण्याचंच ठरलं, तर निदान कर्ज असं काढा. साडेसात लाखांच्या आत बसवा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत त्या रकमेपर्यंत स्थावर तारण मागायचं नसतं, सरकारचा पतहमी निधी (कर्ज थकलं तर बँकेला हमी देणारा) त्यासाठीच आहे. कोट्यातला प्रवेश त्या योजनेत बसतो का, हे मात्र शाखेत आधी विचारा. शाखेत तरी प्लॉट मागितला तर लेखी मागा आणि विभागीय कार्यालयाला कळवा. आठाचे साडेसात करायला पन्नास हजार कमी करायचेत, प्लॉट वाचवायला तेवढं जमवा. दुसरं, शिकत असतानाचं व्याज साठू देऊ नका. आधीचाच आठ लाखांचा हिशेब धरला तर पहिल्या वर्षी महिन्याला १,६६७ रुपये होतात. गोकुळचं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्यातलं एक बिल व्याजाला लावा. चौथ्या वर्षी तेच ६,६६७ होईल, तेव्हा जड जाईल, पण आठ लाखांवरच हप्ता बसला तर तो १४,२७० ऐवजी १०,५७० चा होतो. शिवाय या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तुम्ही सहकर्जदार असता, म्हणून मुलाचा हप्ता चुकला की तुमचंही सिबिल पडतं आणि उद्या ट्रॅक्टरला कर्ज मागायला गेलात की तिथं दिसतं.

आणि प्लॉट द्यावाच लागला, तर सात-बारावर बँकेचा बोजा चढेल. कर्ज फिटलं की निल (बाकी नसल्याचा) दाखला घ्या आणि तलाठ्याकडं जाऊन बोजा स्वतः कमी करून घ्या, ते आपोआप होत नाही. मूळ कागद परत द्यायला बँकेला ३० दिवसांची मुदत आहे. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. कर्ज घेतानाच दिलेल्या कागदांची यादी शिक्क्यासह मागून घ्या. फेडताना तीच यादी पुढं ठेवायची आहे.